अंजीर वाळलंय की झोपलंय?



थंडी पडली की गावोगावच्या बैठकांत परसबागेचा विषय निघतो आणि एक प्रश्न हमखास येतो : "दारातलं अंजीर वाळलंय, पानं सगळी गळाली, काढून टाकू का?" कधी प्रश्नसुद्धा येत नाही. घरातलं कुणीतरी म्हणतं, "वाळकं झाड दारात कशाला?" आणि कुऱ्हाड चालते. फाल्गुनात ज्या बुंध्यातून कोंब फुटले असते, तो बुंधा तोवर चुलीत गेलेला असतो.

अंजीर लागवडीनंतर दोन-तीन वर्षांनी फळ धरायला लागतं. म्हणजे एक झाड चुकून काढलं की तेवढी वर्षं गेली, पाणी गेलं, आणि ज्यांनी रोपासाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं त्यांचा हप्ता मात्र चालूच. म्हणून या महिन्याचा धडा अंजीर आणि थंडी यावर आहे. झोपलेलं झाड आणि मेलेलं झाड यातला फरक ओळखायला शिकायचं, एवढाच उद्देश.

झाड झोपतं म्हणजे काय होतं?

अंजीर हे आपल्या वड-पिंपळ-उंबराच्या घराण्यातलं झाड आहे. पण त्याचं माहेर पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या काठचा प्रदेश. तिथे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा थंड असतो. त्यामुळे थंडीत पानं गाळून विश्रांती घ्यायची सवय त्याच्या अंगातच आहे.

दिवस लहान झाले आणि गारठा वाढला की झाड पानांमधला बराचसा कस काढून घेतं आणि खोडात, मुळांत साठवतं. सुगी झाल्यावर आपण धान्य कणगीत भरून ठेवतो, तसंच. रिकामं झालेलं पान मग गळून पडतं. कोवळ्या हिरव्या फांद्या हळूहळू तपकिरी आणि टणक होतात, त्यांच्यातलं पाणी कमी होतं. पाणी कमी झालं की गोठायला फार काही उरत नाही. त्यामुळे झोपलेलं झाड जास्त थंडी सोसतं.

जागं झाड मात्र नाजूक असतं. कोवळा शेंडा, नवं पान, हिरवी फांदी यात पाणी भरलेलं असतं. पूर्ण झोपलेलं मोठं अंजीर साधारण उणे ९-१० अंशांपर्यंत तग धरतं, पण कोवळी फूट शून्याच्या जवळपासच काळी पडते. (पाणी गोठतं ते शून्य अंशाला. उणे म्हणजे त्याच्याही खाली.)

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे : झोपलेल्याला थंडी कमी बाधते, जागं असलेल्याला जास्त.

ओळखायचं कसं?

कुऱ्हाड उचलायच्या आधी या चार परीक्षा करा. पाच मिनिटांचं काम आहे.

१. नखाची परीक्षा. फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं दिसलं तर ती जागा गेली. मग एक वीत खाली येऊन पुन्हा खरवडा. शेंडा मेला म्हणजे झाड मेलं असं नाही. बुंध्यापर्यंत तपासत या.

२. वाकवायची परीक्षा. बारीक काडी हळूच वाकवा. जिवंत काडी लवते. मेलेली कट्‌कन मोडते.

३. बुंध्याची परीक्षा. वरचं सगळं वाळलं असेल तरी मुळं जिवंत असू शकतात. बुंध्याजवळची माती थोडी बाजूला करून खालची साल तपासा. ती हिरवी असेल तर झाड तिथून फुटेल. आणि ही फूट वाया जाणारी नसते. आंब्याच्या कलमाला जोडाच्या खालून फुटलं तर ते रायवळ निघतं. आपल्याकडचं अंजीर बहुतेक वेळा छाट कलम किंवा गुटी कलम करून लावलेलं असतं, त्यात जोड नसतो. त्यामुळे बुंध्यातून आलेला कोंबही त्याच जातीचा असतो.

४. वाट बघायची परीक्षा. शंका असेल तर गुढीपाडव्यापर्यंत झाडाला हात लावू नका. उन्हं तापायला लागली की जिवंत झाड स्वतःच उत्तर देतं.

काही ताई चीक बघतात. फांदी मोडून पांढरा चीक आला तर झाड जिवंत हे खरं, पण झोपेच्या काळात चीक कमी येऊ शकतो. चीक नाही म्हणून झाड मेलं असं लगेच धरू नका. आणि अंजिराचा चीक अंगावर घेऊ नका. चीक लागलेल्या जागी ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. जुने हातमोजे किंवा पायमोजे हातात घाला, लांब बाह्यांचा शर्ट घाला, लहान मुलांना लांब ठेवा.

पानगळीची कारणं दुसरीही असतात, तीही बघा. पानाच्या खालच्या बाजूला विटकरी-पिवळी भुकटी दिसली तर तो तांबेरा. खोडाला भोकं आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा. बुंध्यात पाणी साचत असेल तर मुळं कुजलेली असू शकतात. यात झाड झोपलेलं नाही, आजारी आहे. अशा वेळी गळालेली पानं गोळा करून जाळा आणि कृषी सहायक किंवा कृषी सखीला झाड दाखवा. औषध त्यांना विचारूनच फवारा.

बर्फ पडतो तिथे लोक काय करतात?

आता थोडं लांब जाऊ. मोबाईलवर बऱ्याच ताईंनी व्हिडिओ बघितलेत : कुणी अंजिराचं झाड जमिनीत पुरतंय, कुणी गोधडीत गुंडाळतंय. "आपणही करायचं का?" असं विचारणारे मेसेज येतात. आधी ते लोक तसं का करतात ते समजून घेऊ.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहर आहे. तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इटलीच्या दक्षिण भागातून आणि सिसिली बेटावरून लाखो गरीब शेतकरी, मजूर कुटुंबं पोट भरायला आली. त्यातल्या अनेकांनी सोबत गावच्या अंजिराच्या काड्या आणल्या. सासरी जाताना आपण माहेरच्या तुळशीचं, मोगऱ्याचं रोप नेतो, तसंच ते. पण गावाकडची थंडी सौम्य आणि न्यूयॉर्कची कडाक्याची. काही रात्री पारा उणे १० च्याही खाली जातो. उघड्यावर ठेवलं तर झाड जमिनीपर्यंत जळून जायचं. मग त्यांनी तीन वाटा धरल्या. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही त्या पाळतात.

पहिली वाट, पुरणं. पानं गळाली की फांद्या दोरीने आवळून बांधतात. झाडाच्या एका बाजूला लांब चर खणतात, दुसऱ्या बाजूची काही मुळं फावड्याने तोडतात आणि झाड हळूहळू चरात आडवं करतात. वर फळ्या, वाळलेली पानं आणि मग माती. वसंतात उकरून पुन्हा उभं करतात. यामागचं कारण साधं आहे. जमीन वरून गोठली तरी खाली ऊब राहते. थंडीच्या पहाटे विहिरीचं पाणी आपल्याला कोमट लागतं ना, तसंच.

दुसरी वाट, गुंडाळणं. फांद्या बांधून त्याभोवती गोणपाट, जुनी कांबळी, फाटके गालिचे गुंडाळतात, आत वाळलेली पानं भरतात. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून सगळ्यात वर एक बादली उपडी घालतात. हिवाळ्यात तिथल्या जुन्या वस्त्यांत परसात बादलीची टोपी घातलेली अशी झाडं उभी दिसतात.

तिसरी वाट, कुंडीतलं झाड आत नेणं. पानं गळाल्यावर कुंडी तळघरात किंवा गाडी ठेवायच्या खोलीत नेतात. पानंच नाहीत म्हणून उजेड लागत नाही, अंधार चालतो. तुळशीचं असं चालणार नाही, तिला पानं असतात म्हणून उजेड हवाच. जागा मात्र गार हवी, साधारण १ ते ७ अंश. चुलीजवळच्या उबदार खोलीत ठेवलं तर झाड वेळेआधी जागं होतं आणि उजेडाविना पांढुरके, लेचेपेचे कोंब काढतं. पाणी महिन्यातून एकदा, माती अगदी कोरडी पडू नये एवढंच. थंडी संपल्यावर एकदम उन्हात काढत नाहीत. आठ-दहा दिवस सावलीत, मग हळूहळू उन्हात.

उझबेकिस्तानातही हिवाळा कडक असतो. तिथले शेतकरी अंजिराची झाडं वाकवून मातीखाली झाकतात, आणि आपल्या ओळखीचं डाळिंबसुद्धा तसंच झाकतात.

या सगळ्यांत सारखं काय आहे? कुणीही झाडाला गरम करत नाही. झाडाला झोपू देतात आणि झोपेत गारठ्याचा तडाखा बसू नये एवढं बघतात.

त्यातलं आपण काय घ्यायचं?

झाड पुरायचं नाही. आपल्याकडे थंडी पडते, पण जमीन गोठत नाही. निफाडला काही वर्षी पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. पण ही थंडी काही पहाटांची असते, दिवसा ऊन पडतंच. एवढ्यासाठी मुळं तोडून झाड आडवं केलं तर थंडीपेक्षा आपणच जास्त नुकसान करू.

प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं नाही. दिवसा उन्हाने आत भट्टी होते, घाम सुटतो, बुरशी येते. झाड अर्धवट जागं होतं आणि रात्रीचा गारठा त्याच कोवळ्या फुटीला मारतो. झाकायचंच असेल तर गोणपाट किंवा जुनं सुती लुगडं, संध्याकाळी घालायचं आणि सकाळी ऊन आलं की काढायचं.

मात्र बुंध्याला ऊब देणं, लहान रोपं हलवणं, पाणी कमी करणं आणि वाट बघणं या गोष्टी जरूर घ्यायच्या.

पुरंदरचं गणित वेगळं

इथे एक प्रश्न पडेल. पुरंदर तालुक्यात तर हिवाळ्यातही अंजिराच्या बागा हिरव्यागार असतात, मग झोप कुठे गेली?

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे दोन बहार धरतात. खट्टा बहार पावसाळ्याच्या तोंडावर धरतात, त्याची फळं डिसेंबर-जानेवारीपर्यंत येतात. मीठा बहार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धरतात, त्याची फळं मार्च-एप्रिलच्या सुमारास. ही फळं जास्त गोड. आपल्याकडची थंडी झाडाला पुरतं झोपवण्याइतकी नसते, म्हणून तिथला शेतकरी बहाराआधी पाणी तोडून झाडाला ताण देतो, म्हणजे विश्रांती देतो. बर्फाच्या देशात झाडाला हिवाळा झोपवतो, पुरंदरात माणसाचा हात. विश्रांती दोन्हीकडे आहेच, कारण तिच्याशिवाय पुढची फूट जोमदार येत नाही.

पण यातून हेही समजतं की मीठ्या बहाराचं झाड थंडीत जागं असतं. त्यावर पानं आणि वाढणारी फळं असतात. त्याचं पाणी तोडून चालणार नाही, त्याला जपावंच लागतं. ज्या ताईंकडे बहार धरलेली बाग आहे त्यांनी परसातल्या झाडाचे नियम तिथे लावू नयेत. पुरंदरात जाधववाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र आहे. गटाची अभ्यास सहल काढायची असेल तर ही जागा डोक्यात ठेवा.

थंडीत करायची कामं

परसातलं जमिनीतलं झाड

– दिवाळीनंतर युरिया, कोंबडीखत असं फूट आणणारं खत देऊ नका. थंडीच्या तोंडावर आलेली कोवळी फूट हीच सगळ्यात आधी जळते.
– पानं गळायला लागली की पाणी कमी करा. बंद नाही, कमी. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. धुण्या-भांड्याचं पाणी सतत बुंध्यात जात असेल तर तो पाट वळवा. गार आणि चिखलट माती मुळांना थंडीपेक्षा वाईट.
– बुंध्याभोवती उसाचं पाचट, भुसा किंवा पालापाचोळा चार बोटं जाड पसरा. खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर वाळवी आणि उंदीर येतात.
– कडाक्याची थंडी पडणार असं कळलं तर संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा ऊब जास्त वेळ धरते. पाणी मातीला द्या, पानांवर मारू नका. निफाडकडे द्राक्ष बागायतदार अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी सोडतात, ते याच कारणासाठी.

पिशवीतली आणि डब्यातली रोपं

ज्या गटांची रोपवाटिका आहे त्यांनी हे नीट वाचा. पिशवीत माती मूठभर, ती चारही बाजूंनी गार होते. जमिनीतल्या झाडापेक्षा पिशवीतलं रोप थंडीला लवकर बळी पडतं.

– पिशव्या सुट्या ठेवू नका, एकमेकींना चिकटवून ठेवा. शक्य असेल तर वीतभर खोल वाफा खणून त्यात उभ्या करा आणि कडेने माती लावा.
– दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत ठेवा. हिवाळ्यात तिथे ऊन जास्त वेळ असतं आणि तापलेली भिंत रात्री ऊब सोडते.
– रात्री गोणपाट किंवा शेडनेट, सकाळी काढायचं.
– पाणी सकाळी उन्हं आल्यावर, थोडं थोडं. पिशवीची खालची भोकं मोकळी आहेत ना ते बघा.
– डब्यातलं झाड पानं गळालेलं असेल तर पडवीत किंवा गोठ्याच्या आडोशाला ठेवलं तरी चालतं. चुलीजवळ नको.

थंडी सरल्यावर

फेब्रुवारीत नखाची परीक्षा करून वाळलेला भाग धारदार कात्रीने कापा. हिरवं लागेल तिथपर्यंतच कापा, त्याखाली नको. मग कुजलेलं शेणखत द्या आणि पाणी हळूहळू वाढवा.

छाटणीत निघालेल्या निरोगी काड्या फेकू नका. करंगळीएवढी जाड, वीत-सव्वा वीत लांब, चार ते सहा डोळे असलेली काडी घ्या. उलटी लागू नये म्हणून खालचं टोक तिरकं कापा. दोन हिस्से मातीत आणि एक हिस्सा वर ठेवून पिशवीत लावा. रोग असलेल्या झाडाची काडी घेऊ नका, नाहीतर रोगच विकला जाईल.

थोडा हिशेब

समजा एका ताईने गटातून १,५०० रुपये अंतर्गत कर्ज घेऊन १५ रोपं लावली. व्याज महिना शेकडा २ रुपये, म्हणजे महिन्याला ३० रुपये. पहिल्याच थंडीत १० रोपांची पानं गळाली आणि घरच्यांनी ती उपटून टाकली. १,००० रुपयांची रोपं गेली, पण परतफेड पूर्ण १,५०० चीच करायची आहे. त्या दहांपैकी सहा जरी झोपलेली असतील, तर ६०० रुपये आणि एका वर्षाची मेहनत केवळ घाईने गेली.

आता दुसरी बाजू. दारातलं झाड बहुतेक घरी बाईने लावलेलं असतं, पाणी तीच घालते, फळ विकलं तर चार पैसे तिच्या हातात येतात. पण ते तोडायचं की ठेवायचं हे ठरवताना तिला विचारलं जातंच असं नाही. "मला वाटतं जिवंत आहे" असं म्हटलं तर कुणी ऐकेलच असं नाही. साल खरवडून आतलं हिरवं दाखवलं तर ऐकतील. म्हणून ही परीक्षा घरातल्या सगळ्यांसमोर करा. सासऱ्यांना, नवऱ्याला, मुलांना त्यांच्या नखाने खरवडून बघू द्या.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात किती जणींकडे अंजीर आहे? त्यातली किती झाडं पानं गळालेली आहेत?
२. गेल्या दोन वर्षांत कुणी "वाळलं" म्हणून झाड काढलं का? तेव्हा तपासलं होतं का? कुणी ठरवलं?
३. पानगळ झालेल्या एका झाडापाशी सगळ्याजणी जा आणि चारही परीक्षा करून बघा. कोणती फांदी जिवंत, कोणती मेलेली, ते वहीत लिहा. गुढीपाडव्यानंतर पुन्हा जाऊन अंदाज बरोबर आला का ते पडताळा.
४. रोपवाटिका असलेल्या गटांनी पिशव्या कुठे हलवायच्या, गोणपाट कोण आणणार, रात्री झाकायची पाळी कुणाची, ते ठरवून ठराव वहीत नोंदवा.

ज्या ताईंना लिहिता येत नाही त्यांनी जिवंत फांदीला हिरवा दोरा आणि वाळलेल्या फांदीला लाल दोरा बांधावा. मार्चच्या प्रभाग बैठकीला येताना आपापला अंदाज आणि प्रत्यक्ष काय झालं ते घेऊन या, सगळ्यांचं एकत्र करून पुढच्या अंकात छापू. आणि तोपर्यंत कुऱ्हाडीला जरा विश्रांती द्या.

– तुमची क्षेत्र समन्वयक